खडाबाईंची घडीची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. खुर्ची म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे दिवाणखान्यात ऐसपैस मांडलेली, जागची न हलणारी खुर्ची येत असेल. नाहीतर ती दुसरी खुर्ची, जिच्यासाठी मोठी माणसे निवडणुका लढवतात आणि जी एकदा मिळाली की तिच्यावरून उठायचे नाव घेत नाहीत. मी त्या दोघींतली नव्हे. माझ्यावर कुणी फार वेळ टेकलेच नाही. उघडली, बसले, उठले, मिटली, खांद्याला अडकवली आणि चालू पडले, यातच माझा जन्म गेला. दुसऱ्यांना विसावा द्यायचे माझे काम, पण मला स्वतःला घटकाभर स्वस्थता मिळाली नाही. ही तक्रार नव्हे हं. तक्रार करण्याचे खाते आमच्या घरी दुसऱ्या कुणाकडे होते आणि ते त्या फार मन लावून सांभाळत.

माझा जन्म तंबू शिवण्याच्या कारखान्यात झाला. तंबू बेतून उरलेल्या जाड कापडाची माझी बैठक आणि पाठ झाली. एका अबोल सुताराने हलक्या लाकडाचे चार पाय रंध्याने गुळगुळीत केले, कात्रीसारखे एकमेकांत अडकवले आणि मधोमध पितळी खिळा ठोकला. खांद्याला लावायला एक पट्टा दिला. मग मी बाजारातल्या एका दुकानाबाहेर आकड्याला लटकून राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची डोकी बघू लागले.

एक दिवस उंच, शिडशिडीत बाई तरातरा आल्या. त्यांनी मला आकड्यावरून काढले, उघडले, मिटले, पुन्हा उघडले. मी प्रत्येक वेळी खटकन वाजले.

"आवाज चांगला आहे हिचा," त्या म्हणाल्या. "रांगेत उघडली की चार माणसं वळून बघतील."

"बाई, बसून तर बघा," दुकानदार म्हणाला.

"बसायला वेळ कुणाला आहे? द्या बांधून."

बसायला वेळ नाही म्हणून खुर्ची घेणाऱ्या या बाई म्हणजे आमच्या खडाबाई. हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. गावातल्या सायंदैनिकात दर आठवड्याला त्यांचे एक सदर येई. त्याचे नाव 'चपलेतला खडा'. चालताना चपलेत बारीकसा खडा शिरला की माणूस पडत नाही, मरत नाही, पण त्याला दुसरे काही सुचतही नाही. अशा बारीकसारीक त्रासांवर त्या लिहीत. सगळा गाव ते सदर वाचायचा आणि समोरून बाई येताना दिसल्या की म्हणायचा, "आली बघा खडाबाई. आज कुणाच्या चपलेत?"

घरात दोघीच राहत. खडाबाई आणि त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षे झाली होती. खडाबाई तिला वहिनी म्हणत, ती यांना वन्सं म्हणे. दोघींचा स्वभाव म्हणाल तर एक उकळते पाणी आणि दुसरी निवलेले. चहा पितानासुद्धा खडाबाईंचा पाय जमिनीवर ताल धरून असायचा. वहिनी मात्र शेंगा सोलायला बसली की तासभर तिची मांडी हलत नसे. "वन्सं, तुमच्या पायाला जरा सुट्टी द्या हो," असे ती म्हणायची, आणि तेही हसून.

मित्रांनो, माझी उमेदीची वर्षे फार धावपळीची गेली. पाण्याचे चुकीचे बिल दुरुस्त करून घ्यायच्या रांगेत मी उघडले गेले. खिडकीमागचा कारकून जेवायला गेला की पाटी उलटी व्हायची आणि खडाबाई माझ्यावर बसून, मांडीवर लाकडी फळी घेऊन लिहायला लागायच्या. नगरपालिकेच्या सभेत प्रेक्षकांच्या सज्जातल्या खुर्च्या मोडक्या असत, म्हणून तिथेही मी. खाली सभासद एका गटारावर दुपारभर भांडत आणि गटार तसेच वाहत राही. खडाबाईंची लेखणी कागदावर करकर वाजे आणि त्यांचा पाय माझ्या पायावर टकटक आपटे. माझ्या पुढच्या उजव्या पायाला खाच पडली आहे ती त्या पायाची. लोक तिला ओरखडा समजतात. मला तो नगरपालिकेचा इतिहास वाटतो.

प्रवासही पुष्कळ केला. खडाबाईंना एका गावी आठ दिवस काढणे जमत नसे. सुटकेसचे कुलूप लागायच्या आत त्यांचे मन स्टेशनवर पोचलेले असे, आणि स्टेशनवर पोचल्या की ते पुढच्या गावी. मी बोटीच्या डेकवर खाऱ्या वाऱ्यात बसले आहे. घाटात बसचे चाक बसले तेव्हा रस्त्याच्या कडेला धुक्यात बसले आहे. त्या दिवशी सगळे प्रवासी ड्रायव्हरला नावे ठेवत होते आणि खडाबाई माझ्यावर बसून पंक्चर काढणाऱ्याला सूचना देत होत्या. त्याने शेवटी पाना त्यांच्यापुढे धरला आणि म्हटले, "बाई, तुम्हीच काढता का?" हे त्यांनी पुढच्या सदरात जसेच्या तसे लिहिले. स्वतःची फजिती लिहायलाही त्या मागेपुढे पाहत नसत, म्हणून तर लोक त्यांचे इतर सगळे ऐकून घेत.

त्या काळात माझे कौतुकही व्हायचे. "काय सुटसुटीत खुर्ची आहे हो, कुठे घेतलीत?" असे कुणी विचारले की मला वाटायचे, आपणही कुणीतरी आहोत. पण घरी आले की मला दाराआड, छत्र्यांच्या शेजारी उभे केले जाई. कापडाला धूळ, पट्ट्याला बुरशी. मग एखाद्या सकाळी वहिनी मला बाहेर काढायची, ओल्या फडक्याने पुसायची आणि उन्हात उघडून ठेवायची. "ही बिचारी आपल्यासाठी एवढं फिरते," असे ती स्वतःशीच म्हणे. माझ्याशी बोलणारी घरात ती एकटीच.

पुढे वहिनीचे गुडघे दुखू लागले, मधूनच चक्करही येऊ लागली. शेजारच्या मोठ्या गावात दवाखाना होता. तिथे तिला आठवड्याला एकदा व्यायामाच्या उपचारासाठी जावे लागे. बस आमच्या गावच्या स्थानकावरून सुटायची. म्हणजे सुटायला हवी होती. बहुधा ती यायचीच उशिरा. तरी स्थानकावर लांबलचक लाकडी बाके होती. त्यांवर बसून वहिनी बस येईपर्यंत शांतपणे विणकाम करत राही.

मग स्थानकाचे सुशोभीकरण झाले.

मित्रांनो, हा शब्द कानावर आला की आम्हा जुन्या वस्तूंना भंगारवाला दिसू लागतो. जुनी फरशी गेली आणि तोंड दिसेल अशी चकचकीत फरशी आली. भिंतींना गुलाबी रंग लागला. ओळीने झाडांच्या कुंड्या आल्या. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांसाठी मऊ सोफे मांडले होते. फीत कापून झाली, भाषणे झाली आणि सोफे ज्या टेम्पोतून आले होते त्यातूनच परत गेले. दुसऱ्या दिवशी लोक बघतात तो बाके कुठेच नाहीत. बाकांच्या जागी कुंड्या. माणसे कुंड्यांच्या मधे उभी राहून बसची वाट बघू लागली. कुंड्यांतल्या झाडांना वेळच्या वेळी पाणी मिळत होते.

खडाबाई मला खांद्याला लावून थेट स्थानकप्रमुखाच्या खोलीत गेल्या. गोल चेहऱ्याचा, दमलेला माणूस होता. त्याच्या टेबलावर तीन फोन होते आणि तिन्ही वाजत होते.

"बाकं का काढली?" खडाबाईंनी विचारले.

"लोक बसतात हो," तो म्हणाला.

"बाकांवर?"

"बसतात, आणि मग उठत नाहीत. ज्यांना कुठे जायचं नाही तेसुद्धा येऊन बसतात. वरून आदेश आहे."

"वर कोण?"

"वर म्हणजे..." त्याने मान वर केली. वर पंखा फिरत होता. तो थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिला. "वर म्हणजे वरच, बाई. आम्हाला तरी कुठे नाव सांगतात?"

खडाबाईंनी त्या आठवड्यात पंख्यावर लेख लिहिला. 'आमच्या गावचा कारभार पंखा चालवतो' असे त्याचे शीर्षक होते. गाव पोट धरून हसला. पुढच्या आठवड्यात त्यांनी कुंड्यांवर लिहिले, त्याच्या पुढच्या आठवड्यात गुलाबी रंगावर. लोक रस्त्यात थांबवून म्हणत, "बाई, काय हाणलंत!" स्थानकप्रमुखाला येताजाता पोरेसोरे "पंखासाहेब" म्हणू लागली. तो बिचारा मान खाली घालून जायचा. लेखांवर लेख झाले, बाक मात्र एकही परत आले नाही. उलट 'स्थानकाच्या आवारात बसू नये' अशी एक नवी पाटी तेवढी लागली.

मग दवाखान्याच्या दिवशी मी वहिनीची झाले. खडाबाई तिला पोचवायला येत, कुंड्यांच्या मधे मला खटकन उघडत आणि तिला बसवत. स्वतः बस येईपर्यंत येरझाऱ्या घालत. पाटी समोर दिसत होती, पण स्थानकप्रमुख आमच्याकडे पाठ करून उभा राही. मला वाटते, त्याला पाठ कधी करायची ते चांगले कळत होते. मित्रांनो, माझ्या अख्ख्या आयुष्यात ते दिवस मला सगळ्यांत आवडले. वहिनी नीट बसायची. तिचा पूर्ण भार माझ्यावर यायचा आणि मला वाटायचे, आपण ज्यासाठी घडलो ते हे.

पण ते फार टिकले नाही. संपादकांनी खडाबाईंना समुद्रकाठच्या लांबच्या दौऱ्यावर पाठवायचे ठरवले. गावोगाव फिरायचे आणि प्रवासाची लेखमाला लिहायची. खडाबाईंच्या अंगात वारे शिरले. निघायच्या सकाळी त्यांनी सुटकेस भरली, फळी घेतली, आणि मग दाराआड हात घालून मला काढले. काढले, आणि क्षणभर थांबल्या.

"वहिनी, ही नेऊ का? तुझं काय मग?"

वहिनी शेंगा सोलत होती. "न्या की. तुमचा लांबचा प्रवास. मला काय, दवाखान्यापुरतं जायचं. उभी राहते मी, चालेल मला."

"नक्की?"

"अहो नक्की. आणि गाडी काय, या वेळी येईलसुद्धा वेळेवर."

ती गाडी कधी वेळेवर आली नव्हती. दोघींनाही ते ठाऊक होते. पण खडाबाईंना जायची घाई होती आणि जे ऐकायचे होते तेच कानावर आले होते. त्या हसल्या, पट्टा खांद्याला लावला आणि जिना उतरल्यासुद्धा. मी जिन्यावरून मागे बघत होते. वहिनी उठून निरोप द्यायला आली होती. तिने एका हाताने चौकट धरली होती.

दौऱ्याचे पहिले काही दिवस बरे गेले. खडाबाईंनी एका बंदरावर मासळीच्या वासावर लिहिले आणि एका लॉजवर ढेकणांवर. तिसऱ्या मुक्कामी दुपारी खोलीतला फोन वाजला आणि लॉजचा व्यवस्थापक म्हणाला, "बाई, तुमच्या गावाहून फोन." फोन शेजारच्या शिंपीकाकांचा होता. माझे कापड फाटले की तेच टाके घालत. ते फोनवर फार मोठ्याने बोलत, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"घाबरू नका. वहिनी पडल्या. स्टँडवर. बराच वेळ उभ्या होत्या, चक्कर आली. फरशी तसली निसरडी. खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन करावं लागेल म्हणतायत. शुद्धीवर आहेत, तुम्हाला कळवू नका म्हणत होत्या."

फोन ठेवून खडाबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी खोलीच्या मधोमध उघडी पडले होते आणि माझ्यावर त्यांचे ओले टॉवेल वाळत होते.

परतीचा प्रवास मी कधी विसरणार नाही. आधी बोट, मग बस, मग दुसरी बस. बोटीला गर्दी होती, बसमध्ये जागा नव्हती, मधल्या स्थानकावर लोक जमिनीवर बसले होते. खडाबाईंनी मला एकदाही उघडले नाही. पूर्ण वाट त्या उभ्याने आल्या. एका माणसाने म्हटलेही, "बाई, खुर्ची आहे की तुमच्याजवळ, बसा ना." त्यांनी ऐकले न ऐकल्यासारखे केले. माझा पट्टा त्यांनी मुठीत इतका आवळला होता की त्याची शिवण उसवली. त्या प्रवासाची एक ओळही त्यांनी लिहिली नाही.

वहिनीचे ऑपरेशन नीट पार पडले. दवाखान्यात तिच्या खाटेशेजारी खडाबाईंनी मला उघडले आणि त्या बसल्या. किती तरी वेळ त्यांचा पाय हललाच नाही. मला तर भीतीच वाटली.

"वन्सं, दौरा अर्धा टाकून आलात?" वहिनीने डोळे उघडून विचारले.

"तू चालेल म्हणालीस."

"म्हणाले खरी."

"आणि मी मानलं. मी! जगातल्या कुणाचं एक वाक्य खरं मानत नाही ती मी."

वहिनीने चादरीतून हात काढून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. "झालं ते झालं. तुम्ही रडू नका हो. तुम्हाला सवय नाही, वाईट दिसतं ते."

दुसऱ्या दिवशी संपादक आले. फळांची पिशवी खाटेवर ठेवली आणि खडाबाईंना बाजूला घेतले, म्हणजे माझ्याच जवळ. ते हळू बोलत होते, पण डोळे चमकत होते. "बाई, आता लिहा. पहिल्या पानावर देतो. घरचं माणूस, बाकं नाहीत म्हणून पडलं! त्या पंखासाहेबाची नोकरी राहत नाही बघा." खडाबाईंच्या पायाने ठेका धरला. मला वाटले, झाले, आता फळी निघणार. पण त्या एवढेच म्हणाल्या, "उद्या बघू."

संध्याकाळी दारात स्थानकप्रमुख उभा. हातात टोपी. आत यावे की न यावे अशा विचारात. वहिनी पडली तेव्हा आपल्या खोलीतली गादीची खुर्ची धावत बाहेर आणणारा, तिच्यात तिला बसवून गाडीपर्यंत उचलून नेणारा हाच, हे वहिनीनेच सांगितले. खडाबाईंना तोवर ते कुणी सांगितले नव्हते. त्या उठल्या आणि त्यांनी मला त्याच्यापुढे सरकवले. तो बिचकत बसला. जड होता, आणि फार दमलेला होता. खुर्चीला ते न सांगता कळते.

"मी वर तीनदा लिहिलं, ताई," तो वहिनीला म्हणाला. "उत्तर येत नाही. आणि पेपरात आल्यापासून तर वरचे आणखी हट्टाला पेटलेत. आता बाकं ठेवली तर पेपरला घाबरल्यासारखं दिसेल, असं म्हणतात."

खडाबाईंनी खिडकीबाहेर पाहिले.

वहिनीने विचारले, "बाकं आहेत कुठे हो?"

"गॅरेजच्या मागे. एकावर एक रचलीत. ऊन खातायत."

"मग खराब होतील ती."

"होतीलच."

"सरकारी वस्तू. जपायला हव्यात ना? रंग द्यायला हवा."

"रंग द्यायला काही हरकत नाही," तो म्हणाला. "गुलाबी उरलाय पुष्कळ."

"आणि रंग दिला की वाळवायला लागतील." वहिनी छताकडे बघत, शेंगा सोलाव्यात तसा एकेक शब्द मोकळा करत बोलत होती. "उन्हात ठेवली तर पोपडे येतात म्हणे. सावलीत ठेवावी लागतील. तुमच्याकडे मोठी सावली एकच. छपराखाली."

स्थानकप्रमुखाच्या ओठाचा एक कोपरा हलला, मग दुसरा.

"वाळायला किती दिवस लागतात, ताई?"

"रंगावर असतं ते," वहिनी म्हणाली. "काही रंग वाळतच नाहीत लवकर."

तो उठला तेव्हा आल्यापेक्षा हलका वाटत होता. दाराशी त्याने खडाबाईंकडे वळून पाहिले. "बाई, एक विनंती. हे पेपरात आलं तर वरून दुसऱ्या दिवशी ट्रक येईल आणि बाकं भंगारात जातील."

मित्रांनो, त्या बाईंची तेव्हाची अवस्था मी पाहिली आहे. त्यांच्या हाताला इतका मोठा खडा जन्मात लागला नव्हता. एकीकडे पहिले पान, दुसरीकडे गप्प बसणे. घरी आल्यावर त्यांनी फळी घेतली, माझ्यावर बसल्या, लिहिले, फाडले, पुन्हा लिहिले, पुन्हा फाडले. उठून येरझाऱ्या घातल्या. पुन्हा बसल्या. माझे सगळे सांधे कुरकुरायला लागले. शेवटी त्यांनी संपादकांना फोन लावला.

"लेख तयार आहे," त्या म्हणाल्या.

"कशावर? पडण्यावर ना?"

"कुल्फीच्या काडीवर. ती हल्ली फार पातळ करतात. अर्ध्यातच मोडते."

पलीकडून ओरडण्याचा आवाज आला. खडाबाईंनी फोन कानापासून लांब धरला आणि तो संपेपर्यंत उभ्या राहिल्या. त्या आठवड्यात गाव त्यांच्यावर नाराज झाला. शेंगदाणेवाल्याने तोंडावर विचारले, "काय बाई, घरच्यांच्या वेळी शाई संपली का?" त्यांनी ऐकून घेतले. शब्दाला शब्द न देता. माझ्या मते त्यांच्या सगळ्या लेखांपेक्षा ते अवघड होते.

आठवडे गेले. वहिनी काठी घेऊन चालू लागली. पुन्हा दवाखान्याचा दिवस आला आणि आम्ही तिघी स्थानकावर गेलो. मी अर्थात खांद्यावर. छपराखाली बाके ओळीने मांडली होती. गुलाबी रंगाची, चकचकीत. प्रत्येकावर पाटी: 'रंग ओला आहे'. आणि सगळी माणसे नेहमीप्रमाणे कुंड्यांच्या मधे उभी. कुणी बसले नव्हते! आमची माणसे किती आज्ञाधारक, बघा. रंग कधीच वाळला होता, पण पाटी होती ना.

खडाबाईंनी मला खटकन उघडले. "बस, वहिनी."

वहिनी बसली नाही. काठी टेकत ती सरळ पहिल्या बाकाकडे गेली. सगळे बघू लागले. एक बाई म्हणाल्या, "अहो आजी, कपडे खराब होतील, ओला आहे तो." वहिनीने एक बोट बाकावर टेकवले, उचलून पाहिले आणि त्या बाईंना दाखवले. बोट कोरडे होते. मग ती पाटी जरा बाजूला सरकवून, पाय पुढे घेऊन, सावकाश बसली. पिशवीतून विणकाम काढले.

थोडा वेळ कुणी हलले नाही. मग त्या बाई आल्या. मग एक म्हातारे गृहस्थ, मग कडेवर पोर असलेली एक आई. बघता बघता बाक भरले, पुढचेही भरले. पाट्या तशाच राहिल्या. स्थानकप्रमुख खोलीच्या दारात आला, त्याने सगळीकडे पाहिले आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"वन्सं, तुम्हीपण बसा की," वहिनी म्हणाली. "जागा आहे."

खडाबाई बसल्या. पाय हलत होता, पण जरा हळू.

मी समोर उघडीच होते, मोकळी. त्या दिवशी माझ्यावर कुणी बसले नाही. खोटे कशाला बोलू, मन थोडे खट्टू झाले. इतके फिरून, इतका भार वाहून शेवटी आपली गरजच उरू नये! पण वहिनीचे दुखरे पाय बाकाखाली निवांत टेकलेले दिसत होते, आणि ते बघता बघता माझी खंत ओसरली.

आता माझे कापड विरले आहे, पितळी खिळा सैल झाला आहे. तुमच्या घरीही दाराआड अशी एखादी खुर्ची असेल, तर तिला कधीतरी उन्हात ठेवा, तिचा खिळा आवळा. एवढे केलेत तरी आमची जात तुम्हाला दुवा देईल. पण मित्रांनो, त्याहून मोठी एक गोष्ट मागते. आम्हा खुर्च्यांना माणसांचे चेहरे लांबून दिसतात, पाय मात्र अगदी जवळून. तोंड काहीही म्हणेल, पाय खोटे बोलत नाहीत. म्हणून कधी घाईत असाल, आणि कुणी तुम्हाला म्हणाले, "जा तुम्ही, मी उभी राहते, चालेल मला," तर तिच्या तोंडाकडे पाहून निघू नका. खाली वाका आणि आधी तिच्या पायांकडे बघा.